वन्सं, तुमची वही मी वाचली

प्रिय वन्सं,

काल सकाळी तुमच्या कॉलेजातून फोन आला आणि मी लगेच सावध झाले. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. फुलं येऊन गेली, कार्डं येऊन गेली, आता यांचं काय राहिलंय? माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पोस्टमन दोनदा बेल वाजवून गेला तरी मी पडद्याआडून बघते.

फोनवर लॉरी होती. तुमच्याकडे गोलवर उभी राहायची ती उंच मुलगी. आता तुमच्या जागी तीच लॅक्रॉसची हेड कोच आहे. गोड आवाजात म्हणाली, मे महिन्यात शेवटच्या होम गेमला कोच इन्डूसाठी छोटासा कार्यक्रम करतोय. जिमच्या काचेच्या कपाटात त्यांची लाकडी स्टिक, शिट्टी आणि वह्या ठेवायच्या आहेत. मग म्हणाली, "वह्यांतली दोन-चार पानं तुम्ही ट्रान्सलेट करून द्याल का, प्लीज? तुमच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत."

हेच वाक्य त्याच कॉलेजात मी तीन वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तेव्हा मी काय केलं ते आपण दोघी कधी बोललो नाही. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणून तुम्हीही बोलला नसाल. आज बोलते. तुम्हाला आता उठून जाता येणार नाही.

पण आधीपासून सांगते, कारण माझा संशय काही तेव्हा सुरू झाला नव्हता. तो विमानतळावरच सुरू झाला. नवी नवरी म्हणून मी फिलाडेल्फियाला उतरले तर शरदच्या शेजारी तुम्ही ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी! पुण्यात सासूबाईंनी सांगितलं होतं, आमची इंदू तिकडे प्रोफेसर आहे. मला वाटलं, कुठल्या प्रोफेसरबाई नवरीला घ्यायला शिट्टी घालून येतात? तुम्ही माझी बॅग एका हातानं उचललीत आणि म्हणालात, "प्रॅक्टिसवरून सरळ आले गं. चल, भूक लागली असेल."

हॉकी मला समजत होती. पुण्यात तुम्ही कॉलेजच्या टीममध्ये होतात, त्याच जोरावर इथे शिकायला आलात, इथपर्यंत ठीक. पण हे लॅक्रॉस काय प्रकरण? तुम्ही हसत हसत सांगितलंत की हॉकीच्या कोच म्हणून नोकरी लागली, आणि स्प्रिंग आल्यावर खेळ विभागाच्या डायरेक्टरबाईंनी हातात जाळीच्या काठ्यांचं बोचकं ठेवलं. छोटं मुलींचं कॉलेज, दोन्ही खेळांना मिळून एकच बाई. तुम्ही तो खेळ जन्मात पाहिला नव्हता. लायब्ररीतून पुस्तक आणलंत, रिकाम्या जिममध्ये भिंतीवर चेंडू मारून मारून शिकलात, आणि दिवसा मुलींना असं शिकवलंत जसं काही आजोळीच शिकला होतात. खरं सांगू? मला ती गोष्ट पटलीच नव्हती. स्वतःला येत नाही ते दुसऱ्याला शिकवणारं माणूस आणखी काय काय लपवत असेल, असं माझ्या मनात आलं होतं.

पहिली मॅच बघायला आले तेव्हा तर मी डोळेच मिटले. आखूड चुणीदार स्कर्ट घातलेल्या मुली, हातात लाकडी काठ्या, काठीच्या जाळीत चेंडू, आणि त्या एकमेकींच्या तोंडापाशी फिरवतायत. डोक्यावर काही नाही, दातांना फक्त रबर. मैदानाला धड रेषासुद्धा नव्हत्या. पण शिट्टी वाजली आणि सगळ्या जागच्या जागी थांबल्या. एकीचा पाय तर हवेतच राहिला होता. "ही काय गंमत?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "नियम आहे. शिट्टी वाजली की जी जिथे आहे तिथे उभी. एक पाऊलसुद्धा चोरायचं नाही." त्या खेळातला तेवढा एक नियम मला मनापासून आवडला.

आणि मग ती वही. दर सीझनला एक, पिवळ्या पुठ्ठ्याची, स्टिकच्या जाळीतून उरलेल्या चामड्याच्या वादीनं बांधलेली. मैदानाच्या कडेला उभ्या राहून तुम्ही त्यात मराठीत लिहायचात. बाकीच्या कोच तोंडानं ओरडायच्या, तुम्ही लिहायचात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "इथे मराठी म्हणजे कुलूप, मंगल. किल्ली हरवायची भीती नाही."

किल्ली तर तुमच्यासमोर बसून वरणभात वाढत होती, वन्सं.

माझी खात्री होती की त्या वहीत माझ्याबद्दल काहीतरी असणार. एका रविवारी जेवण झाल्यावर आमच्याच टेबलावर तुम्ही ती उघडलीत, दोन ओळी खरडल्यात, माझ्याकडे पाहिलंत आणि गालात हसलात. "काय लिहिलंत?" "टीमचं गं." आमटीत मीठ कमी पडलं होतं त्या दिवशी. टीमचं म्हणे! तेव्हापासून तुम्ही वही उघडलीत की मी हातातलं काम टाकून ओट्यापाशी उभी राहायची. तुम्ही मला कॉलेजच्या लायब्ररीत अर्ध्या दिवसाची नोकरी मिळवून दिलीत, तेव्हाही मी शरदला म्हटलं होतं, "यांना माझ्यावर लक्ष ठेवायचंय." शरद म्हणाला, "ताईला चोवीस पोरींवर लक्ष ठेवायचं असतं, तुझा नंबर कधी लागणार?"

शहाऐंशीच्या मार्चमध्ये तुम्ही पोळ्यांचं सुरू केलंत. रविवारी निघताना म्हणालात, "मंगल, दोन पोळ्या जास्तीच्या आहेत का? तूप-साखर लावून फॉइलमध्ये गुंडाळ." मी दिल्या. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. "कुणाला हो?" "मलाच. उद्या डब्याला." पण सोमवारी दुपारी कॅफेटेरियात मी तुम्हाला माझ्या डोळ्यांनी सॅलड खाताना पाहिलं होतं. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. मी काय काय विचार केले ते लिहायला आता लाज वाटते. कुणी गृहस्थ असावेत, असं ठरवून टाकलं होतं मी. त्यांचे नाक-डोळेसुद्धा ठरवले होते. गोरे, चष्मा, थोडं टक्कल. तूप-साखरेची पोळी आवडणारे.

म्हणून एकदा मुद्दाम तीन पोळ्या दिल्या. म्हटलं बघू, कुणाच्या पोटात जातात. बुधवारी तुम्ही लायब्ररीत माझ्या टेबलावर फॉइल आणून ठेवलंत. आत एक अख्खी पोळी. "दोनच पुरतात," म्हणालात, आणि गेलात. आता सांगा, अशानं कुणाचा संशय वाढणार नाही?

त्याच सुमारास तुम्ही बेथला बसवलंत. टीममधली सगळ्यात चपळ मुलगी, सगळ्यात जास्त गोल तिचे. तिचा बाप प्रत्येक मॅचला घडीची खुर्ची घेऊन यायचा. चार मॅच ती स्कर्ट घालून बाकावर बसून राहिली. त्यातल्या दोन तुम्ही हरलात. बापानं आधी मैदानाच्या कडेला आवाज चढवला, मग डायरेक्टरबाईंकडे गेला. कोच आमच्या मुलीवर डूख धरून आहे, म्हणाला. मुलींबद्दल परक्या लिपीत गुपचूप लिहून ठेवते, म्हणाला. त्या वहीत काय आहे ते आम्हाला कळायला हवं.

डायरेक्टरबाईंनी तुम्हाला कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "ती इतक्यात खेळणार नाही. कारण मी सांगणार नाही." मग त्यांनी वही मागितली. तुम्ही ती त्यांच्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "वाचता आली तर वाचा." हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोड्या घाबरल्यासारख्या वाटत होत्या. तुमची नोकरी जायची वेळ आली होती, वन्सं, आणि तुम्ही खुशाल वही देऊन प्रॅक्टिसला निघून गेलात.

तीन वर्षं मी हाच एक प्रश्न चघळतेय. तेव्हा तुम्ही मला विसरला होतात का? त्याच इमारतीत, दोन मजले वर, मराठी वाचणारी तुमची भावजय पुस्तकांवर शिक्के मारत बसलीय, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही? की आलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, मंगल आहे, ती नाही सांगायची?

मला खाली बोलावलं. खुर्ची दिली, कॉफी दिली. डायरेक्टरबाई म्हणाल्या, "आय नीड युवर हेल्प. तुमच्याशिवाय इथे कुणालाच हे वाचता येत नाही." आणि वही माझ्या हातात दिली. वादी सोडलेली होती.

आता खरं सांगते. मी आधी बेथचं पान शोधलं नाही. मी माझं नाव शोधलं. समोर डायरेक्टरबाई बसलेल्या, तुमची नोकरी टांगणीला, आणि मी भराभर पानं उलटत 'मंगल' कुठे दिसतं का ते बघत होते. पहिल्या पंधरा-वीस पानांत दिसलं नाही. मग बेथ दिसली.

अक्षर मोत्यासारखं. "बेथ काही खात नाही. खाल्लं की बाथरूममध्ये जाऊन उलटी काढते. सोमवारी दोनदा चक्कर आली. कुणाला सांगणार नाही असं वचन मागितलं, मी दिलं. अंगावर मांस येईपर्यंत मैदानावर पाऊल नाही."

मला काय वाटलं माहीत आहे? आनंद झाला. माझ्या वन्सं निर्दोष आहेत! डूख नाही, पक्षपात नाही, पोरीची काळजी आहे! हा घ्या पुरावा. मी त्या पाच वाक्यांचं इंग्लिश करून खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. वचनाचं वाक्यसुद्धा. डायरेक्टरबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ओह, द पुअर गर्ल." मग त्यांनी फोन उचलला. तो बापाला लावला हे मला दारात पोचल्यावर कळलं. मी मागे फिरले नाही. मी तर जिना चढताना मनात म्हणत होते, चला, आज वन्संची नोकरी मी वाचवली.

नोकरी वाचली. तिसऱ्या दिवशी बेथचे आई-वडील गाडी घेऊन आले आणि तिला घरी घेऊन गेले. लायब्ररीच्या खिडकीतून मी पाहिलं. तुम्ही पार्किंगपर्यंत धावत गेलात. ती गाडीत बसली होती, काच वर होती. तुम्ही काचेवर हात ठेवलात आणि तिनं तोंड फिरवलं. तुम्ही तिथेच उभ्या राहिलात, गाडी वळेपर्यंत.

त्या रविवारी तुम्ही नेहमीसारख्या जेवायला आलात. मला वाटलं होतं, याल आणि माझ्या अंगावर याल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. आई-बापांना कळायला नको का? पोरीच्या जिवाचं काही बरंवाईट झालं असतं तर? ती उत्तरं मला आजही पटतात, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही काही विचारलंच नाहीत. जेवलात, ताट उचललंत. निघताना मी सवयीनं दोन पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळायला घेतल्या, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात.

"राहू दे," म्हणालात. "गेल्या आठवड्यात तिनं माझ्यासमोर बसून अर्धी पोळी खाल्ली होती, मंगल. आणि पोटात ठेवली होती."

तेव्हा मला कळलं माझ्या पोळ्या कुठे जात होत्या. चष्मेवाले गृहस्थ कुणी नव्हतेच. तुम्ही रोज दुपारी ऑफिसचं दार लावून तिच्यासमोर बसत होतात, मंगळवारी स्वतः गाडी चालवून तिला दुसऱ्या गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेत होतात, हे सगळं नंतर शरदकडून कळलं. त्याला तुम्ही सांगितलंत. मला नाही. वहीच्या पुढच्या पानांवर तेही लिहिलं असणार, अर्ध्या पोळीचंही असणार. मी पान उलटलंच नव्हतं. तुम्हाला सोडवणारं पान मिळालं आणि मी थांबले.

उरलेल्या तीन मॅच तुम्ही घेतल्यात, आणि मग राजीनामा दिलात. अकरा सीझन! लॉरी सांगते, तुमच्या हाताखालच्या चार मुली आज वेगवेगळ्या कॉलेजात कोच आहेत. आणि तुम्ही गावातल्या तलावावर म्हाताऱ्यांना पोहायला शिकवायला लागलात. शरदनं किती समजावलं. तुम्ही म्हणालात, "ज्या मुली माझ्याकडे काही बोलू शकत नाहीत त्यांना मी काय शिकवणार?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि एक गोष्ट केलीत तुम्ही. तुम्हाला वाटलं असेल माझ्या ध्यानात येणार नाही. आमच्या फ्रिजवर तुम्ही चिठ्ठ्या लावायचात ना, 'कोथिंबीर आणलीय, खालच्या खणात', 'किल्ली शेजारी', तशा? मे महिन्यापासून त्या इंग्लिशमध्ये यायला लागल्या. 'Cilantro in bottom drawer.' मला! घरात मराठी वाचणारी दोन माणसं, त्यातला एक तुमचा भाऊ. त्याला वाढदिवसाचं कार्ड लिहिलंत तेही इंग्लिशमध्ये. त्यानंतर तुम्ही माझ्या नजरेला पडेल असं मराठीत एक अक्षर लिहिलं नाहीत. शरद म्हणतो, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." असतील. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही.

जानेवारीत हॉस्पिटलमध्ये तुमच्या घशात नळी होती. उशाशी पॅड नि पेन्सिल ठेवली होती. मी रोज दुपारी तुमच्यापाशी असायची. रोज ठरवून यायची की आज विचारायचं. "वन्सं, तुम्ही मला विसरला होतात की..." आणि आले की मी चादर सारखी करत बसायची. एका दुपारी तुम्ही पेन्सिल घेतलीत. मी पुढे वाकले. तुम्ही लिहिलंत, 'water'. मी कापसानं ओठ ओले केले. शरद म्हणतो, नर्सला कळावं म्हणून लिहिलं असेल. नर्स खोलीत नव्हती, वन्सं. मीच होते.

बरं, कालच्या फोनकडे येते. मी लॉरीला उलटं विचारलं, "बेथ कशी आहे?" लॉरी म्हणाली, बरी आहे, एका शाळेत शिकवते, इथून दीड तासावर राहते. मी विचारलं, "जेवते का?"

 मग लॉरी म्हणाली, "गेल्या समरला आमच्याकडे आली होती. मक्याची दोन कणसं खाल्ली तिनं." मी फोन हातात धरून तिथेच स्टुलावर बसले. शरद घाबरून बाहेर आला.

पण लॉरीचं बोलणं संपलं नव्हतं. कार्यक्रमाला बेथ येणार नाही म्हणाली. "शी नेव्हर फरगेव्ह कोच. कोचनं प्रॉमिस मोडलं असं तिला अजून वाटतं." मी फक्त बेथचा पत्ता मागून घेतला.

फोन ठेवल्यावर बेसमेंटमध्ये गेले. तुमचं खोकं तिथे आहे. अकरा वह्या. सगळ्यात वर तीच. वादी तुम्ही पुन्हा घट्ट बांधलेली होती, गाठीवर गाठ. मी ती मांडीवर घेऊन बसले. शरद एव्हाना कामावर गेला होता, घरात कुणी नव्हतं. पंधरा-वीस पानांपुढे माझं नाव असेल. आमटीच्या मिठाचं असेल, किंवा असं काही असेल ज्यानं मला रात्रभर झोप लागली नसती, नाहीतर छान लागली असती. गाठीत नख घातलं होतं मी. शपथेवर सांगते, घातलं होतं. मग काढलं.

वर येऊन लॉरीला फोन केला. स्टिक घेऊन जा, शिट्टी घेऊन जा, म्हटलं. वह्या मिळणार नाहीत. "निदान दोन पानं तरी?" म्हणाली. मी म्हटलं, "मला वाचता येत नाहीत." "पण तुम्ही तर..." "अक्षर फार वाईट होतं त्यांचं," मी म्हटलं. तेवढं खोटं माफ करा.

शनिवारी आम्ही बेथकडे जातोय. शरद गाडी चालवेल, पण बाहेर गाडीतच बसेल. दारापर्यंत मी एकटी जाणार. बरोबर ती वही, आहे तशी बांधलेली. ती तिची आहे, तिनं ठेवावी, जाळावी, काय हवं ते करावं. आणि तूप-साखरेच्या दोन पोळ्या. दोनच. मी तिला सांगणार आहे, "कोचनं तुझं कुणाला काही सांगितलं नाही. वाचलं मी." तिनं दार लावून घेतलं तर मी तिथेच उभी राहीन, एक पाऊल इकडेतिकडे न करता, ती पुन्हा उघडेपर्यंत. नाहीच उघडलं तर पायरीवर ठेवून येईन आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जाईन.

आणि तो तीन वर्षांचा प्रश्न मी आता सोडते. तुम्ही मला विसरला होतात असं धरलं तर मी बरीचशी सुटते. म्हणून तसं धरणार नाही. तुम्ही वही टेबलावर ठेवलीत तेव्हा मी वरच्या मजल्यावर आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि तुम्ही माझ्यावर विसंबलात, असं मी यापुढे धरून चालेन. माझ्यासारख्या बाईला हे जड जाईल. पण तुम्हाला वचन देते, यावर पुन्हा संशय घेणार नाही.

तुमची भावजय,
मंगल